किती औषध पुरेसं?

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये बसलं की वाटेत खारघर लागतं. तिथे टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तुमच्यातले काही जण घरच्या पेशंटला घेऊन तिथे गेलेही असतील. कॅन्सरमधल्या नव्या संशोधनाची बातमी आली की आपली नजर अमेरिकेकडे जाते. मला आज खारघर, परळ आणि पवई या तीन ठिकाणी झालेल्या कामाबद्दल बोलायचंय. मी प्रयोगशाळेतली माणूस आहे, डॉक्टर नाही. तेव्हा इथून जाऊन कुणाची औषधं बदलू नका, एवढी विनंती.

आधी थोडं मूळ सांगते. आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरभर फिरून दुसऱ्या पेशी तपासत असतात. एखादी पेशी विषाणूने बाधलेली किंवा बिघडलेली दिसली, तर तिला मारतात. हे मारणं आवरलं नाही तर त्या आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उठतील. म्हणून प्रत्येक टी पेशीला ब्रेक असतात. पीडी-१ हा त्यातला एक. तो १९९२ मध्ये जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. कॅन्सरच्या पेशी नेमका हाच ब्रेक दाबून धरतात आणि टी पेशी समोर असूनही गप्प बसते. असे ब्रेक सोडवणारी औषधं आली आणि २०१८ चं नोबेल होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं. २०२५ चं नोबेलही याच आवरण्याच्या यंत्रणेला मिळालं. शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी इतर प्रतिकारक पेशींना ताब्यात ठेवणाऱ्या टी पेशींचं काम उलगडलं.

आता पैशांकडे येते, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीकरवी कॅन्सरशी लढणाऱ्या उपचारांची, चर्चा तिथेच संपते. निव्होलुमॅब हे पीडी-१ वरचं औषध. त्याचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. तंबाखू-गुटख्याने होणारा तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे किती आहे, हे मी सांगायला नको. त्या पेशंटपैकी हा डोस परवडणारे फार थोडे. टाटा मेमोरियलमधल्या विजय पाटील, वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी एक चाचणी केली. १५१ पेशंट. एका गटाला तीन स्वस्त गोळ्यांचा कमी मात्रेतला उपचार, दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के होतं, दुसऱ्यात ४३.४ टक्के.

इतक्या कमी औषधाने काम कसं झालं? जुन्या केमोथेरपीत पेशंटला सोसेल तेवढा जास्त डोस देण्याकडे कल असे, कारण जास्त विष म्हणजे जास्त पेशी मेल्या. निव्होलुमॅब विष नाही, अँटीबॉडी आहे, म्हणजे ठरावीक खुणेला जाऊन चिकटणारं प्रथिन. ती टी पेशीवरच्या पीडी-१ ला चिकटते आणि बराच काळ चिकटून राहते. सगळे पीडी-१ व्यापले गेले की वरून ओतलेलं औषध कशाला चिकटणार? अगदी सुरुवातीच्या चाचण्यांतही कमी डोसवर पीडी-१ बऱ्यापैकी व्यापलेले दिसले होते. तरी डोस ठरवताना या निरीक्षणाला फारसं महत्त्व मिळालं नाही.

एक मर्यादा इथे सांगायलाच हवी. या चाचणीत २० मिलिग्रॅमची तुलना पूर्ण डोसशी केलेली नव्हती. त्यामुळे दोन्ही सारखेच, असं यावरून म्हणता येत नाही. ज्याला पूर्ण डोस मिळणारच नव्हता, त्याला या थोड्या औषधाचा खरा फायदा झाला, एवढं मात्र ठाम सांगता येतं. माझ्या दृष्टीने ‘किती पुरेसं’ हा प्रश्न नवं औषध शोधण्याइतकाच खोल विज्ञानाचा आहे. तो विचारायला कंपनीला फारसं कारण नसतं, म्हणून तो आपल्या सरकारी संस्थांनी विचारला पाहिजे.

पवईची गोष्टही याच धाग्यातली. कार-टी उपचारात पेशंटच्याच टी पेशी काढतात, त्यांच्यात एक नवं जनुक घालतात, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवतात आणि परत शिरेतून देतात. त्या जनुकामुळे टी पेशीला सीडी-१९ ही खूण ओळखता येते. ल्युकेमिया आणि लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या काही प्रकारांत पेशींवर ही खूण असते. ती अँटीबॉडी बनवणाऱ्या चांगल्या बी पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात आणि नंतर जंतुसंसर्गाला जपावं लागतं. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिलं कार-टी औषध मंजूर झालं, तेव्हा नुसत्या औषधाची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळून नेक्सकार-१९ हे कार-टी औषध तयार केलं. त्यातला सीडी-१९ ओळखणारा भाग उंदराच्या अँटीबॉडीवरून घेऊन माणसाच्या जवळचा केलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते अनावरण झालं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत तपासता आलेल्या ५१ पेशंटपैकी ३७ जणांचा आजार उपचाराला दाद देणारा ठरला. हे सगळे असे पेशंट होते, ज्यांचा कॅन्सर आधीच्या उपचारांना जुमानला नव्हता किंवा उलटला होता. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले, तेही त्याच शोधनिबंधात लिहिलेलं आहे. किंमत परदेशाच्या मानाने साधारण एक दशांश, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात. एखाद्या घराला हेही अशक्यच, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

कार-टीचा विचार म्हातारपणाच्या संशोधनातही होतोय, त्याबद्दल थोडक्यात. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांमधल्या जरठ पेशी कार-टीने काढून दाखवल्या. विभाजन थांबलेल्या, पण न मरता आजूबाजूला दाह पसरवणाऱ्या अशा या पेशी असतात. काम सुंदर आहे, पण अजून उंदरातलं आहे. ‘वय उलटवतो’ म्हणून पाकिटं विकणाऱ्यांना त्याचा आधार घेऊ देऊ नका.

एक चिठ्ठी आली आहे: वडील ७४ वर्षांचे आहेत, त्यांच्या टी पेशी कार-टी उपचाराला चालतील का? छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, जिथे टी पेशी तयार होतात, ती लहानपणानंतर आक्रसत जाते. त्यामुळे वयाबरोबर ताज्या टी पेशी कमी होतात, हे खरं. पण नुसत्या वयावरून नकार मिळत नाही. हृदय, मूत्रपिंड, आजाराचा प्रकार हे सगळं बघतात. आणि आधी दिलेल्या केमोचाही टी पेशींवर परिणाम होतो. बेंडामस्टिनसारखी औषधं त्यांना विशेष दुबळं करतात. म्हणून पुढे कार-टीचा विचार होण्याची शक्यता असेल, तर पुढची केमो ठरण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा की पेशी कधी काढून ठेवायच्या.