मग सांगते

(इंदूर, रामबाग. महालक्ष्म्यांचं जेवण.)

पंगतीत कुणी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. ताईनंही हसून घेतलं. कशाला, ते तिला कळलेलं नाही. तिनं आईला खुणेनं विचारलं. आईच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट. "मग सांगते," म्हणत ती पुढच्या पानाकडे वळली.

बधिर माणसाच्या घरात हे "मग" सहसा राहूनच जातं.

"पण ती ओठ वाचते ना?" पाहुण्यांचा ठरलेला प्रश्न. वाचते. तुम्हीही आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता 'मामा' म्हणा, मग 'बाबा'. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ग तर तोंडाच्या आतच राहतात. त्यात हे इंदूरचं घर! आजी मराठीत, शेजारीण हिंदीत, भाचरं एकाच वाक्यात दोन्ही. भरघोस मिशांचे काका तर सोडूनच द्या. उरतो तो अंदाज, आणि तासभर अंदाज बांधून डोकं शिणतं.

(छप्पन दुकान, इंदूरची खाऊगल्ली. संध्याकाळ.)

इथल्या गोंगाटात चित्रीकरण करताना आमचं कॅमेरावाल्याशी बोलणं होईना. ताई आणि तिच्या बधिर मैत्रिणींच्या गप्पा मात्र तोंडात पोहे असतानाही चालू. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली हिंदी नव्हे. आपण विचारतो, 'कुठं चाललीस?' इथं 'कुठं' शेवटी येतं आणि चेहरा प्रश्नार्थक होतो. एकमेकींना हाक मारायची खुणेची नावंही निराळी: कुणी गालावरची खळी, कुणी कपाळावरची बट. घरच्यांनी ठेवलेलं नाव कागदपत्रांपुरतं.

1880 साली मिलानमध्ये शिक्षकांच्या परिषदेनं शाळांतून सांकेतिक भाषांना बाहेर काढायचं ठरवलं. त्यात ऐकू येणाऱ्यांचीच बहुसंख्या होती. आपल्याकडे सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश आला तो 2018 मध्ये, 3,000 शब्दांचा. 2021 पर्यंत तो 10,000 वर गेला.

इतके शब्द असणाऱ्यांना 'मुके' म्हणणं निव्वळ चूक आहे. 'बिचारी' तर त्याहून वाईट. या मुली स्वतःला सरळ 'डेफ' म्हणतात. तुकोगंज पोलीस ठाण्यातल्या सहायता केंद्रात हातांनी बोलून तक्रार देता येते. त्याच्या नावात 'मूक' अजून आहेच. पण पोलिसांपर्यंत पोहोचलेली भाषा घरच्या पंगतीत का पोहोचू नये?

निरोप घ्यायला यांना अर्धा तास लागतो. अंधारात बोलता येत नाही, म्हणून सगळ्या दिव्याच्या खांबाखाली सरकल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी त्यानं हेडलाइट दोनदा चमकवला, तेव्हा कुठं त्यांनी वळून पाहिलं, आणि "पाच मिनिटं" अशी खूण करून पुन्हा गप्पांना लागल्या.