पॉवर पडली? रिग उघडायच्या आधी शेजारची अँटेना बघा

नमस्कार मंडळी, आज एकच विषय, पण त्यात माझे दोन रविवार गेलेत. माझी हॅम रेडिओची रिग, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हर, १०० वॅटची, कालपर्यंत १०० दाखवत होती आणि आज कॅरिअर (आवाजाशिवायची सलग लहर) दिला की मीटर ३५वर अडकतो. मग काय, फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे शेवटी पॉवर वाढवणारे, गेले म्हणून कपाळाला हात! मी तर झाकण उघडायलाच बसलो होतो, दोन स्क्रू निघालेसुद्धा. तेवढ्यात डोक्यात आलं की अरे, हे फक्त २१ मेगाहर्ट्झला होतंय, ७ला आणि १४ला तर फुल पॉवर आहे.

म्हणून आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर पचवणारा रेझिस्टर. अँटेना काढायची, ५० ओहमचा डमी लोड लावायचा, त्याच फ्रिक्वेन्सीवर कॅरिअर द्यायचा. एसएसबीत, म्हणजे बोलायच्या मोडमध्ये, हॅलो हॅलो करून काटा नाचवत बसू नका, त्यातून काही कळत नाही. आणि रिगमधला ट्यूनर (अँटेना जुळवून घेणारं सर्किट) बंद ठेवा, नाहीतर तो सगळं झाकून टाकतो. डमी लोडवरही पॉवर कमी असेल तर सप्लाय तपासा, ट्रान्समिट करताना १३.८ व्होल्ट रिगच्या मागच्या कनेक्टरला मिळतायत का ते बघायचं, सप्लायवरचा आकडा बघून खूश व्हायचं नाही. मला डमी लोडवर १०० मिळाले. म्हणजे रिग सुटली.

अँटेनावर मात्र एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रिगशी किती जुळते ते सांगणारा आकडा (१ म्हणजे अगदी जुळलेली), २.८. आता गंमत बघा, २.८ला साधारण २२ टक्के पॉवर परत येते. मग ७८ तरी दिसायला हवी ना, ३५ का? कारण उरलेली पॉवर कुठे हरवत नाहीये, रिगच ती कमी करतेय. परत येणारी पॉवर वाढली की आतलं सर्किट फायनल वाचवायला त्यांना जाणारा सिग्नल, म्हणजे ड्राइव्ह, मागे ओढून घेतं, यालाच फोल्डबॅक म्हणतात. म्हणजे आपण जिला आजारी म्हणत होतो ती बिचारी स्वतःला सांभाळत होती.

बरं, पण १५ मीटर बँडची, म्हणजे २१ मेगाहर्ट्झची, ही अँटेना दोन वर्षं मस्त चालली, मग अचानक काय बिघडलं? तर मीच बिघडवलं. आठवडाभरापूर्वी त्याच मास्टवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधून उंच आणि टोकं खाली असा दोन अंगांचा डायपोल, टांगला, तोही जवळजवळ त्याच दिशेत. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल साधारण २० मीटर लांब असतो, आणि हीच लांबी २१ मेगाहर्ट्झच्या आसपास तीन अर्ध्या वेव्हलेंग्थ होते, म्हणजे तो तिथेही रेझोनंट, अगदी सुरात! मी १५ मीटरवर बोलायला लागलो की शेजारचा हा पठ्ठ्या पॉवर खेचतो, परत फेकतो, आणि माझ्या अँटेनाचा इम्पिडन्स (रिगला जाणवणारा विरोध) पार बदलून टाकतो.

हे पकडायचं कसं? दहा वॅटवर या, ज्या अँटेनावर संशय आहे तिची केबल अँटेना स्विचवरून काढून मोकळी सोडा आणि एसडब्ल्यूआर बघा. मग शॉर्ट करून बघा, मग ५० ओहम लावून. प्रत्येक वेळी आकडा हलला तर चोर सापडला. फक्त कनेक्टर बदलताना ट्रान्समिट बंद, आणि चालू असताना त्या मोकळ्या टोकाला बोट लावू नका, आरएफचा (रेडिओ लहरींच्या करंटचा) चटका बारीक दिसतो पण आतपर्यंत भाजतो.

[इथे मीटर जवळून दाखवायचा]

हे बघा, ४० मीटर बँडच्या डायपोलची केबल स्विचवर लावलेली असताना २.८, आणि ही काढली... १.४. काहीच न जोडता बरं होतंय! कारण माझा अँटेना स्विच न वापरलेला पोर्ट ग्राउंडला शॉर्ट करतो, तसे बरेच स्विच करतात. आणि त्या डायपोलची केबल होती १४ मीटर. सॉलिड पॉलिथिलीनच्या कोॲक्समध्ये (जाळीवाली अँटेना केबल) २१ला अर्धी वेव्हलेंग्थ ४.६७ मीटर पडते, त्याच्या तिप्पट १४. अर्ध्या वेव्हच्या पटीत केबल असली की खालचा शॉर्ट वर जसाच्या तसा दिसतो, म्हणजे डायपोलची दोन्ही अंगं मधोमध जोडलेली, पूर्ण २० मीटरची तार. मला वाटायचं स्विच फिरवला की दुसरी अँटेना बंद, पण ती हवेत आहे तोवर कसली बंद!

उपाय म्हणून मी पाव वेव्ह, म्हणजे २.३ मीटर कोॲक्सचा तुकडा मध्ये जोडला. आता खालचा शॉर्ट वर ओपन दिसतो, डायपोल मधोमध तुटल्यासारखा होतो, आणि २१ला परत १०० वॅट. ४० मीटरवर काही फरक नाही. पण हे जमायला फीडपॉइंटला, म्हणजे केबल डायपोलला जोडते तिथे, जाळीवरचा करंट अडवणारा फेराइटचा चोक हवा, नाहीतर कोॲक्सची बाहेरची जाळी तिसरी तार बनते आणि लांबीचा सगळा हिशोब बोंबलतो. जागा असेल तर दोन्ही अँटेना काटकोनात फिरवा, तो उपाय जास्त सरळ आहे, माझ्याकडे दोऱ्या बांधायला खांबच नव्हता म्हणून ही केबलची खटपट.

अजून एक प्रकार पटकन सांगतो. शेजारी दुसरा ट्रान्समीटर चालू असेल तर त्याचा आरएफ तुमच्या अँटेनातून खाली येतो आणि रिगला वाटतं ही आपलीच परत आलेली पॉवर, की लगेच फोल्डबॅक. तिथे केबल कापून उपयोग नाही, फक्त आपला बँड जाऊ देणारा बँडपास फिल्टर लावा.

तुमचंही असं काही असेल तर खाली तीन आकडे लिहा, डमी लोडवर किती, अँटेनावर किती, आणि बाकीच्या अँटेना काढल्यावर किती. नुसतं 'पॉवर पडली' लिहिलंत तर मी परत हेच विचारणार.