इन्सुलिन एकच, कामं वेगवेगळी

"इन्सुलिन सुरू करू या" म्हटलं की रुग्णाचा चेहरा उतरतो. पहिला प्रश्न असतो, "म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यात गेला का?" आणि दुसरा, "एकदा सुई लागली की सुटत नाही ना?" मधुमेहाचा प्रकार कोणता हे ठाऊक असल्याशिवाय याचं खरं उत्तर देताच येत नाही.

टाइप 1 मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच नष्ट करते. इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे ते बाहेरून आयुष्यभर घ्यावं लागतं. जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला तो पहिला अर्क अशुद्ध निघाला. जीवरसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा शुगर उतरली. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं.

आज दिवसभर पुरणारं संथ इन्सुलिन आणि जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन अशी जोडी देतात. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. मुलाला उलट्या होतात, अन्न जात नाही, म्हणून घरचे इन्सुलिनच बंद करतात. असं कधीही करू नका! आजारपणात शुगर उलट वाढते. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून कीटोन नावाची आम्लं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि जिवावर बेततं. डोस किती ठेवायचा ते डॉक्टरांना विचारा, पण संथ इन्सुलिन चालूच राहिलं पाहिजे.

टाइप 2 चं तसं नाही. इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि वर्षांमागून वर्षं जादा काम करून बीटा पेशी थकतात. गोळ्या पुरेनाशा झाल्या की बहुधा रात्री एक डोस, पुष्कळदा 10 युनिटपासून, सुरू करतात आणि उपाशीपोटीची शुगर पाहत वाढवतात. यात रुग्णाचा काही दोष नसतो. शस्त्रक्रियेपुरतं किंवा शुगर फारच चढली म्हणून सुरू केलेलं इन्सुलिन अनेकांचं पुढे सुटतंही.

गरोदरपणात आईची शुगर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, टोचलेलं इन्सुलिन मात्र सहसा पोहोचत नाही. म्हणून तिथे ते भरवशाचं. गरोदरपणातच सुरू झालेला मधुमेह असेल, तर बाळंतपणानंतर ते बहुतेक वेळा थांबवतात.

शुगर 70 च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला 15 ग्रॅम ग्लुकोज द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.

आणि टोचण्याची जागा रोज बदला. एकाच जागी टोचत राहिलं की त्वचेखाली गाठी होतात. गाठीत टोचणं दुखत नाही म्हणून माणसं तिथेच टोचतात, पण तिथून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, शुगर वरखाली होते आणि डोस वाढत जातो. तुम्हाला अशी गाठ लागत असेल, तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण चांगल्या त्वचेत तोच डोस जास्त जोर धरतो आणि तो कमी करावा लागू शकतो.