इंडियानापोलिसला पहिल्यांदा जाताना

नमस्कार मंडळी. इथून, म्हणजे शिकागोहून, तीन-सव्वातीन तास गाडी चालवली की इंडियानापोलिस येतं. मेमोरियल डेच्या, म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या, आदल्या दिवशी, रविवारी, तिथे मोटारींची ५०० मैलांची शर्यत होते. नुसत्या खुर्च्याच अडीच लाखांच्या घरात आहेत, आणि मधल्या मैदानातली गर्दी धरली तर आकडा तीन लाखांच्या वर जातो. आपल्यातले कित्येक जण वीस-पंचवीस वर्षं इथे राहिले, पण तिकडे फिरकले नाहीत. विचारलं की म्हणतात, "त्यात बघायचं काय? डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळायचं." टीव्हीवर बघितलं तर असंच वाटणार. टीव्हीचा कॅमेरा गाडीबरोबर फिरत राहतो, त्यामुळे वेग कळतच नाही.

आधी ट्रॅक समजून घेऊ, कारण खुर्ची निवडताना ते उपयोगी पडणार आहे. १९०९ साली हा ट्रॅक बांधला. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटरची. चार वळणं, आणि रस्ता वळणावर बाहेरून आत उतरता, पण तो उतार फक्त नऊ अंशांहून किंचित जास्त. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकवर तो ३१ अंश आहे. तिथे वळण स्वतःच गाडीला सांभाळून घेतं. इंडियानापोलिसला तशी मेहेरबानी नाही. पात्रता फेरीत गाड्या ताशी २३० मैलांच्या वर जातात, आपल्या हिशेबाने ३७० किलोमीटर, आणि ही सरासरी आहे, वळणं धरून.

या वळणाशी आपलाही एक संबंध आहे. २००५ साली फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री इथेच झाली. ती मधल्या मैदानातल्या रस्त्यावर धावायची, पण ओव्हलचं, म्हणजे या मोठ्या लांबट गोल ट्रॅकचं, पहिलं वळण त्यात उलट्या दिशेने यायचं. मिशेलिनच्या टायरांना त्या वळणावरचा ताण सोसेना. शेवटी मिशेलिन वापरणाऱ्या सातही संघांच्या चौदा गाड्या सुरुवातीआधीच पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेत, परतल्या आणि उरलेल्या सहांचीच शर्यत झाली. त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमधले त्याचे सगळे गुण त्या एका दिवसाचे. लोकांनी त्या शर्यतीची टिंगल केली. माझं मत असं की त्या दिवशी त्या वळणाचा धाक जगाला कळला.

आता खुर्ची. पहिल्यांदा जाणारा हमखास सर्वांत खालच्या रांगेचं तिकीट घेतो. गाड्या जवळून दिसाव्यात म्हणून. तिथून जाळी दिसते, धूळ अंगावर येते आणि रंगाचा एक पट्टा सर्रकन निघून जातो. वानखेडेवर कुठेही बसा, अख्खं मैदान डोळ्यांसमोर असतं. इथे कुठेही बसलात तरी सगळा ट्रॅक दिसत नाही, म्हणून कोणता तुकडा बघायचा ते आपण ठरवायचं आणि जमेल तितकं उंच बसायचं. माझी पसंती पहिल्या वळणाला, म्हणजे ई स्टँड किंवा साउथवेस्ट व्हिस्टा, वरच्या रांगा. सरळ पट्टा संपताना दोघे शेजारी-शेजारी येतात आणि कुणीतरी माघार घ्यावीच लागते, ते तिथून दिसतं. पिटमधली धावपळ आवडत असेल तर पिटच्या मागचा टॉवर टेरेस चांगला. आणि ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी मुख्य पट्ट्याच्या बाहेरचे छपराखालचे वरचे मजले शोधावेत. ते पश्चिमेला आहेत, त्यामुळे दुपारचं ऊन पाठीवर घेतात आणि छपराची सावलीही मिळते. तिकिटं महिनोन्महिने आधी घ्यावी लागतात. जुन्या तिकीटधारकांना आपली जागा राखण्याचा आणि सुधारून घेण्याचा पहिला हक्क असतो, म्हणून मनासारखी खुर्ची पहिल्या वर्षी मिळेलच असं नाही.

पण रविवारच्या तिकिटाइतकाच माझा आग्रह शुक्रवारचा आहे. त्याला कार्ब डे म्हणतात. शेवटचा सराव त्या दिवशी असतो, मग पिट स्टॉपची स्पर्धा. तिकीट स्वस्त, आणि बहुतेक स्टँडमध्ये उठून दुसरीकडे बसता येतं. अर्धा तास पहिल्या वळणावर बसा, मग चौथ्याजवळ जा. सुरुवातीला डोळा मागेच राहतो. आवाज ऐकून मान वळवाल तर गाडी गेलेली असते. हळूहळू नजर येणाऱ्या दिशेला आधीच लावून ठेवायची सवय होते. मग दिसायला लागतं, की एक गाडी वळणातून दोरी लावल्यासारखी जातेय आणि तिच्या मागची, पुढचीने घुसळलेल्या हवेत सापडून, भिंतीकडे ओढली जातेय. ही नजर रविवारी ऐनवेळी येत नाही. रविवारी ३३ गाड्या एकदम येतात आणि नवखा माणूस गोंधळून मोबाइल काढतो.

शनिवारी सकाळी सगळ्या ड्रायव्हरांच्या सह्या मिळतात, पोरांना न्या. दुपारी शहरात मिरवणूक असते. ती बघा, नाहीतर झोप काढा. संध्याकाळी मात्र जमलं तर ईशान्येला अँडरसन गावी जा. तिथे पाव मैलाच्या चिमुकल्या ओव्हलवर लिटल ५०० होते. गाड्या ३३च, तीन-तीनच्या अकरा रांगा, आणि फेऱ्या ५००. तिथे मात्र सगळा ट्रॅक एका नजरेत मावतो. ओव्हलची शर्यत म्हणजे काय हे मोठ्या ट्रॅकपेक्षा तिथे लवकर कळतं, असं मला वाटतं.

रविवारी फाटकं पहाटे सहाला उघडतात. इंडियानापोलिसचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे, हे विसरून उशिरा पोचणारे दर वर्षी भेटतात. हॉटेलं त्या दिवसांत दुप्पट-तिप्पट दर लावतात आणि तीन रात्रींची अट घालतात. लाफायेटच्या पर्ड्यू विद्यापीठात कुणाचा भाचा-पुतण्या शिकत असेल तर त्याच्याकडे मुक्काम करा, ते तासाभरावर आहे. ट्रॅकजवळचे रहिवासी रोख पैसे घेऊन अंगणातल्या हिरवळीवर गाडी लावू देतात. लावताना बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघा, नाहीतर पुढच्या दहा गाड्या हलेपर्यंत तुमची सुटका नाही.

खाण्याची चिंता नको. मोठ्या मैदानांत सहसा बाहेरचं काही नेऊ देत नाहीत, इथे छोटा कूलर चालतो, त्याची मापं ट्रॅकच्या संकेतस्थळावर बघून घ्या. तिथलं नावाजलेलं खाणं म्हणजे डुकराच्या मांसाचा, बनच्या बाहेर लोंबणारा टेंडरलॉइन सँडविच. शाकाहाऱ्यांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, पण लोणचं काचेच्या बरणीत नको, काच आत सोडत नाहीत. कानांसाठी मोठ्यांना फोमची बोंडं पुरतात. लहान मुलांना त्यावर इअरमफही घाला, आणि ही गोष्ट त्यांच्या लहरीवर सोडू नका.

सुरुवातीचा सोहळा लांबलचक असतो. लोक तेव्हा खायला उठतात, तुम्ही उठू नका. मेमोरियल डे हा युद्धात गेलेल्यांचा दिवस, म्हणून बिगुलावर टॅप्स, म्हणजे सैनिकांना निरोप द्यायची धून, वाजते आणि लाखो माणसं एकदम गप्प होतात. थोड्या वेळाने इंजिनं सुरू होतात.

शर्यत २०० फेऱ्यांची, साधारण तीन तासांची. सगळ्यांवर नजर ठेवायच्या फंदात पडू नका. दोन गाड्या निवडा, एक पुढची, एक पंधराव्या-विसाव्या नंबरची. आकड्यांचा उंच खांब असतो, त्यावर त्यांचे नंबर शोधत राहा. स्कॅनर भाड्याने घ्या. ड्रायव्हर आणि त्याच्या संघाचं बोलणं कानावर पडतं. पहिल्या आणि तिसऱ्या वळणावर उंच बसलेले स्पॉटर त्याला सांगत असतात, आत गाडी आहे, बाहेर आहे, मोकळं आहे. ड्रायव्हरचे निम्मे डोळे ते. मग मधल्या टप्प्यातली गंमत उलगडते: पुढे राहणाऱ्याचं इंधन जास्त जळतं, म्हणून कधीकधी आघाडी कुणालाच नको असते आणि पहिले दोघे आळीपाळीने पुढे येतात. पिटमध्ये चार टायर आणि इंधन दहा सेकंदांच्या आत होतं. तिथे चाकाचा एखादा नट अडला तर तासाभराची मेहनत पाण्यात.

शेवटच्या दहा फेऱ्यांत मात्र कूलर आवरायला घेऊ नका. १९९२ साली धाकटा अल अन्सर ०.०४३ सेकंदांनी जिंकला. २०११ साली नवखा हिल्डेब्रँड अगदी शेवटच्या वळणावर पुढे होता. एका हळू गाडीला ओलांडायला तो बाहेरून गेला. वळणाच्या बाहेरच्या कडेला टायरच्या रबराचा चुरा साचलेला असतो, त्यावर गाडी घसरली, भिंतीला घासत गेली, आणि डॅन व्हेल्डन पुढे निघून गेला. विजेता दूध पितो. १९३६ साली लुई मायरने बटरमिल्क, म्हणजे जवळजवळ ताकच, मागवलं तिथपासूनची ही रीत.

पाऊस. ओव्हलवर ओल्या रस्त्यावर शर्यत होत नाही. २०२४ साली चार तास उशीर झाला. १९८६ साली शर्यत पुढच्या शनिवारी गेली, १९७३ साली ती बुधवारी संपली. निम्म्याच्या पुढे एक फेरी झाली असेल तर तिथेच निकाल देता येतो. १९७६ साली २५५ मैलांवर दिला. सोमवारी सुट्टीच असते, तेव्हा परतीचं रविवारी रात्रीचं काही ठरवू नका. शर्यत संपल्यावरही लगेच गाडीकडे धावण्यात अर्थ नाही. तासभर खुर्चीवरच बसा, उरलेले धपाटे संपवा.

पुढच्या मे महिन्यात ज्यांना यायचंय त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहा, आणि मुलांची वयं लिहा, इअरमफ त्या मापाचे आणावे लागतात. शुक्रवारी पहाटे पाचला निघू. शिकागोच्या वेळेने.