ऊब जाते कुठे?

(दृश्य: पहाट. खिडकीची काच आतून ओली. एक थेंब ओघळत लाकडी चौकटीपाशी येऊन थांबतो.)

रात्रभर हीटर चालू होता. खोलीत २० अंश, बाहेर शून्य. तरी काचेला हात लावला की बोटं आखडतात. एकेरी काच असली की असंच होतं: खोली उबदार असूनही काचेची आतली बाजू जेमतेम पाच-सहा अंशांवर राहते. खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे ९ अंशांनाच हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं. तेच हे थेंब.

थेंब डोळ्यांना दिसतात, गारठा अंगाला जाणवतो, म्हणून पहिला खर्च खिडकीवर होतो. आमचं आग्रहाचं सांगणं एवढंच, की त्याआधी वही-पेन घेऊन दहा मिनिटं बसा.

(दृश्य: टेपने खोली मोजणारे हात.)

भिंत असो, छत असो वा काच, प्रत्येकाचा एक आकडा असतो. त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता बाहेर जाते, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितकी ऊब जास्त टिकते. पुढे नुसता गुणाकार: यू-व्हॅल्यू, क्षेत्रफळ आणि तापमानातला फरक.

आपली खोली वरच्या मजल्यावरची. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर उंच. दोन भिंती बाहेरच्या बाजूला. खिडकीचे अडीच चौरस मीटर वजा केले, की भिंत उरते २० चौरस मीटर. नऊ इंची विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २. म्हणजे २० गुणिले २ गुणिले २०, झाले ८०० वॅट. वर काहीच न अंथरलेलं छतही जवळपास तेवढंच, आणखी ८००. खिडकीची यू-व्हॅल्यू ५.६, भिंतीच्या जवळजवळ तिप्पट. पण ती लहान, म्हणून २८० वॅट. राहिली हवा. खोलीतली ५० घनमीटर हवा तासातून एकदा बदलते असं धरलं, तर आत आलेली थंड हवा तापवायला ३३० वॅट.

बेरीज २,२१० वॅट. त्यात खिडकीचा वाटा फक्त एक अष्टमांश! चांगली दुहेरी काच बसवली, तर २८० चे ६० होतील. वाचले २२०. छतावर २७ सेंटीमीटर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची गादी, अंथरलं, तर ८०० चे होतात ६४.

(दृश्य: माळ्यावर ग्लासवूलची गुंडाळी उलगडते. तंतूंचा अगदी जवळून फोटो.)

इथे राखणदारीचं खरं काम हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार कमी वाहते, विटेच्या मानाने वीस-तीस पटींनी कमी. तंतूंचं काम एवढंच, की त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवायचं. म्हणून ग्लासवूल दाबून, ठासून भरलं की पैसे वाया. भिजलं तरी तेच.

मग जाडी किती घ्यायची? त्याच विटांच्या भिंतीवर पाच सेंटीमीटरचा थर चढवा. ८०० वॅटचे साधारण २३० होतात. आणखी पाच चढवा, १३३. आणखी पाच, ९४. पहिल्या पाच सेंटीमीटरने ५७० वॅट अडवले, तिसऱ्या पाचने जेमतेम ४०. एका भिंतीवर हात सैल सोडून दुसरी उघडी ठेवण्यात काही अर्थ नाही. आधी सगळीकडे थोडं तरी पांघरूण पडू द्या.

(दृश्य: पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने फिरते. धूर सरळ वर जातोय. स्विचबोर्डापाशी येताच तो आडवा होतो.)

वाऱ्याच्या दिवशी ही उदबत्ती घरभर फिरवा. दाराखालची फट, पाइप भिंतीतून जातो ती जागा, माळ्याच्या झडपेची कड. रबरी पट्टी आणि सीलंटचं हे काम एका सुट्टीत उरकतं, आणि ३३० वॅटचा हिशेब निम्म्यावर येऊ शकतो.

पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरात गॅस, लाकूड किंवा कोळसा जळत असेल, तर त्या खोलीची हवा येण्याची वाट कधीही बुजवू नका. अपुऱ्या हवेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातली वाफ बाहेर काढणारा पंखाही हवाच, नाहीतर कोपऱ्यांत बुरशी धरते.

(दृश्य: थर्मल कॅमेरा, म्हणजे तापमान रंगांत दाखवणारा. थंड भिंत निळी, छताजवळचा कोपरा गडद निळा.)

भिंतीला थर बाहेरून लावता आला तर उत्तम. आतून लावला, तर मजल्याचा स्लॅब आणि आतल्या भिंती बाहेरच्या भिंतीला मिळतात तिथे थर तुटतो आणि उष्णतेला पूल मिळतो.

उघड्या भिंतीची आतली बाजू १५ अंशांवर असते. दहा सेंटीमीटरच्या थरानंतर तीच १९ वर येते. थंड भिंत आपल्या अंगातली ऊब ओढून घेते. ते ओढणं थांबलं, की १९ अंशांतही बरं वाटतं. हीटर एका अंशाने खाली आणता येतो. बाहेर शून्य असताना तो एक अंश म्हणजे उरलेल्या गळतीचा विसावा भाग.