कूलर बंद करा, पाणबुडी ऐकू येत नाहीये

(दृश्य : कूलरचं बटण, त्यावर हात. पंखा थांबतो. कानावर हेडफोन चढतो.)

मे महिना, नागपूर, दुपारचे तीन. बाहेर पारा 45 च्या घरात आणि महाल भागातल्या या माडीवर चार माणसं आपल्या हातानं कूलर बंद करताहेत. कूलरच्या घरघरीत समोरच्या जहाजाचा प्रोपेलर ऐकू येत नाही म्हणून. काका डोळे मिटून त्याचे फेरे मोजताहेत.

"का करून राहिले काका? झालं का?"

"थांब नं बे. मोजू दे."

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. समुद्र त्यांनी पाहिला तो मुंबईला, लग्नाकार्याला गेल्यावर. या क्षणी मात्र ते 1941 च्या उत्तर अटलांटिकमध्ये आहेत, एका जर्मन पाणबुडीत, म्हणजे यू-बोटीत. खेळाचं नाव 'सायलेंट हंटर 3', साल 2005. संगणकही साधारण त्याच वयाचा.

(दृश्य : पेरिस्कोपचं गोल भिंग, त्यात मालवाहू जहाज.)

बघणाऱ्याला वाटेल, आता नेम धरायचा आणि बटण दाबायचं. इतकं सोपं असतं तर काका कधीच उठून चहाला गेले असते. इलेक्ट्रिक टॉर्पेडो ताशी 30 सागरी मैलांनी धावतो. एक किलोमीटर कापायला त्याला सुमारे 65 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात जहाज पुढे सरकलेलं असतं. म्हणून जहाज आत्ता कुठे दिसतंय यावर नेम धरून भागत नाही, मिनिटभरानं ते कुठे असेल ते काढावं लागतं.

काका आधी ओळख-पुस्तिका उघडतात. तिच्यात जहाजांच्या नुसत्या काळ्या आकृत्या. धुराडं मध्ये की मागे, डोलकाठ्या दोन की तीन, यावरून जहाजाचा प्रकार ठरतो. प्रकार कळला की डोलकाठीची उंची कळते, आणि उंचीवरून अंतर. भिंगातली प्रतिमा दुहेरी होते; एकीची पाण्याची रेघ दुसरीच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवायची. हात जरा हलला, लाट जरा उंच आली, की अंतर चुकलं.

मग वेग. इथे स्टॉपवॉच निघतं. (दृश्य : काकांचा अंगठा, जुनं चावीचं स्टॉपवॉच.) आपली पाणबुडी जवळजवळ थांबवायची आणि पेरिस्कोपची उभी रेघ एका जागी रोखून धरायची. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, रेघेला लागली की घड्याळ सुरू, मागचं टोक सुटलं की बंद. जहाज 130 मीटर लांब, रेघ ओलांडायला 32 सेकंद. म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या आसपास, म्हणजे आठ नॉट, ताशी आठ सागरी मैल. जहाज तिरकं असो की आडवं, हे गणित बदलत नाही. सिग्नल खात्यात गाडी दोन खुणांमधून जाताना काका हेच करायचे, फक्त तिथे नॉट नव्हते.

राहिला कोन. जहाजाची नाळ आपल्या नजरेच्या रेषेशी किती अंशांचा कोन करते तो. खेळणारे त्याला 'अँगल ऑन बो' म्हणतात. तो मोजायला कुठलंच यंत्र नाही. नजर आणि सवय, बस्स. डावी बाजू दिसतेय, नाळेचा फेस इतका, ब्रिजचा (जहाज चालवायच्या मजल्याचा) आडवा भाग इतका, तर साठ असेल. सत्तरही असेल. काका साठ लिहितात. वहीच्या त्या ओळीवर खाडाखोड दिसतेय ती याचीच.

टॉर्पेडो सुटला. पुढचं मिनिटभर निवेदन नाही.

(65 सेकंद. चेहरे. स्टॉपवॉच. घाम.)

गेला. मागून गेला.

"सत्तर होता बाप्पा."

आता हा खेळ कंटाळवाणा आहे का? आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांच्यासाठी. पण यातला कंटाळा काढून टाकला तर उरतं काय, हा प्रश्न खेळ बाजारात आणणाऱ्यांनी वेळेवर विचारला असता तर बरं झालं असतं.

(दृश्य : सीडींची चळत, स्पायरल बाइंडिंग केलेली पुस्तिका.)

सुरुवात कागदावर झाली. लॅरी बाँड नावाच्या अमेरिकी नौदल अधिकाऱ्यानं आपल्याच लोकांच्या सरावासाठी नियम लिहायला घेतले आणि 1980 मध्ये 'हार्पून' हा टेबलावरचा खेळ बाजारात आला. फासे, मोजपट्टी आणि जहाजांचे तक्ते. रडार किती लांब पाहतं, क्षेपणास्त्र किती दूर जातं, शत्रू दिसला नाही तर काय करायचं, सगळं त्यात. 1989 मध्ये तो संगणकावर गेला. त्याआधी 1985 मध्ये मायक्रोप्रोजचा 'सायलेंट सर्व्हिस' आलेला होता, सिड मायरनं बनवलेला, पॅसिफिकमधल्या अमेरिकी पाणबुड्यांवरचा. मग रांगच लागली. 1996 ला पहिला 'सायलेंट हंटर', 1997 ला '688 आय', 1999 ला 'फ्लीट कमांड', 2005 ला 'डेंजरस वॉटर्स'. शेवटचे तिन्ही सोनालिस्ट्स या कंपनीचे. ही कंपनी मुळात अमेरिकी नौदलाची कामं करणारी, त्यामुळे सोनारच्या, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर जे दिसायचं ते उगाच हिरवं चमकणारं नक्षीकाम नव्हतं.

सीताबर्डीच्या बाजारात तेव्हा सीडीच्या टपऱ्या होत्या. खरी कुठली, नकली कुठली, ते विचारायचं नाही. नकली सीडीबरोबर पुस्तिका येत नसे आणि पुस्तिकेशिवाय हे खेळ म्हणजे कुलूप लावलेली खोली. ही स्पायरल बाइंडिंगची प्रत त्या काळात कुणीतरी ऑफिसच्या प्रिंटरवर, साहेब घरी गेल्यावर काढलेली. तिच्यावरून पुढे दहा झेरॉक्स झाल्या. समासात मराठीत टिपा आहेत. 'थर खाली. आवाज वाकतो. लपा.'

उतरणीला लागले ते त्यानंतर. 2007 ला 'सायलेंट हंटर 4' आला, 2010 ला 5. या पाचव्या भागानं एकट्यानं खेळतानाही इंटरनेट सतत जोडलेलं हवं अशी अट घातली आणि जगभरचे खेळणारे चिडले. मुख्य मालिका तिथेच थांबली. एक जहाज खरंखुरं उभं करायला जेवढा खर्च, तेवढ्यात दुसरीकडे दहापट गिऱ्हाईक मिळत होतं. 2015 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' आला: वीस मिनिटांची लढाई, जहाजाच्या डोक्यावर जीव दाखवणारी पट्टी, आणि युद्धनौका स्कूटरसारख्या वळतात. दिसायला देखणा आहे, मान्य. दुकानं बंद झाली, कंपन्या दुसऱ्या कामाला लागल्या, खेळणारे पांगले.

(दृश्य : दुसरा संगणक. निळा नकाशा, कराची ते दीव.)

माडीवरच्या दुसऱ्या टेबलावर समुद्र आपला आहे. 2013 मध्ये 'कमांड' नावाचा खेळ आला. 2019 ला त्याची नवी आवृत्ती आली. त्यात चित्रं जवळजवळ नाहीतच, नुसता नकाशा आणि खुणा. पण माहितीसाठा 1946 पासून आजपर्यंतचा, आणि त्यात भारतीय नौदलही आहे. प्रसंग आपला आपण रचता येतो. इथल्या इंजिनियरिंगच्या पोरांनी 1971 चा डिसेंबर रचलाय.

4 डिसेंबरची रात्र. निपात, निर्घात, वीर या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबत किलतान आणि कच्छल या युद्धनौका. प्रत्येक नौकेवर चार क्षेपणास्त्रं, पल्ला चाळीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कराचीच्या तोंडाशी जायचं आणि परत यायचं. पाकिस्तानच्या खैबर आणि मुहाफिज बुडाल्या, तेलाच्या टाक्या पेटल्या, हे शाळेत सगळे शिकतात. पोरांना सतावतं ते इंधन. या छोट्या नौका इतक्या लांबच्या प्रवासासाठी बनलेल्याच नव्हत्या. वेग वाढवला की परतीचं तेल संपतं, कमी केला की उजाडायच्या आत विमानांच्या टप्प्याबाहेर पडता येत नाही. पडद्यासमोरचा पोरगा वेगाचा आकडा दोनने खाली आणतो, पुन्हा एकाने वर नेतो. हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं.

9 डिसेंबर त्यांनी वेगळा ठेवलाय. दीवजवळ आपल्या खुकरी आणि किरपान या युद्धनौका, समोर हँगोर ही पाकिस्तानी पाणबुडी. पाणी वर गरम, खाली थंड. आवाज कमी वेगाच्या, म्हणजे थंड पाण्याकडे वाकतो, आणि जहाजाच्या सोनारचा झोत खाली वळून एक आंधळा पट्टा सोडून जातो; पाणबुडी त्यात लपते. पोरं खुकरीच्या बाजूनं खेळतात. पाणबुडी आहे एवढं माहीत असतं, कुठे ते नाही. त्या रात्री खुकरी बुडाली, 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले, तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला त्यांत होते.

(दृश्य : नकाशावरची एक खूण विझते. आवाज नाही.)

पुढे काय? जे येतंय ते लहान कंपन्यांकडून येतंय. 2017 चा 'कोल्ड वॉटर्स' ऑस्ट्रेलियातल्या छोट्या चमूनं केला. 'यूबोट' बरीच वर्षं अर्धवट अवस्थेतच विकला जात होता, लोक खेळत होते आणि तो सुधारत होता; 2024 ला पूर्ण झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'सी पॉवर' आला, तोही कच्च्या अवस्थेतच, पण हौशी मंडळी त्यात आपापल्या देशांची जहाजं घालू लागलीत. 'कमांड'ची तर लष्करी संस्थांसाठी वेगळी व्यावसायिक आवृत्ती आहे. पैसा तिथूनही येतो, आणि खरं सांगायचं तर तोही हा धंदा जगवतोय. घरी खेळणाऱ्याला त्यातलं किती मिळत राहील, ते त्या गिऱ्हाइकांच्या मर्जीवर.

(दृश्य : अंबाझरी तलाव, सकाळ. होडीत नौदल एनसीसीचे कॅडेट, वल्ही.)

यांच्यातला एक जण माडीवर येतो. पाणी हाताला लागलेला तेवढा तोच. त्यानं आल्या आल्या एक गोष्ट दाखवून दिली: भरलेली होडी थांबवायला सांगितलं की ती लगेच थांबत नाही. हा एक साधा नियम घेऊन पोरांनी आता नवीन काम काढलंय, आणि तेही कागदावर. फासे, मोजपट्टी, तक्ते. विषय आंग्र्यांचं आरमार.

गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, तोफा लादलेलं जहाज. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी खिळतं. मग गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणतात, तेही मागच्या बाजूनं, जिथे त्याच्या तोफा कमी. संगणकावरच्या कुठल्याच खेळात हे धड जमत नाही, असं यांचं म्हणणं. टेबलावर तीन वेळा खेळून झालंय आणि तिन्ही वेळा भांडण वाऱ्याच्या फाशावर झालंय. पडेल म्हणजे किती वेळ पडेल? दर डावाला फासा टाकायचा की दर तासाला?

"काका, पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवत ना?"

"हो."

"मग जून ते सप्टेंबर काय खेळायचं?"

"डागडुजी," काका म्हणतात. "त्याचा तक्ता कर. लाकूड किती, डांबर किती, सुतार किती. मी मोजून देतो."