गवताने धरून ठेवलेली काउंटी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या नकाशात मधोमध, किंचित वरच्या बाजूला नेब्रास्का नावाचं राज्य आहे. त्याच्या उत्तर सीमेला, साउथ डकोटाला खेटून चेरी काउंटी पसरली आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. या चेरीचं क्षेत्रफळ सुमारे साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याइतकं. पुणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 94 लाख माणसं होती. चेरीत 2020 साली होती 5,455. आकडा वाचताना माझ्याकडून शून्यं गळालेली नाहीत.

एवढ्या मोठ्या मुलखात माणसं इतकी कमी कशी? दुष्काळी असेल, पाणी नसेल, असं पहिल्यांदा मनात येतं. प्रत्यक्षात या जमिनीच्या पोटात अमाप पाणी आहे. अडचण आहे ती वाळूची.

या भागाला सँडहिल्स म्हणतात. नेब्रास्कातले सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर या वाळूच्या टेकड्यांनी व्यापले आहेत आणि चेरी काउंटीचा बहुतेक भाग त्यातच येतो. काही टेकड्या शंभर मीटरहून उंच आहेत. पण राजस्थानातल्या वाळवंटासारखं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. इथल्या टेकड्यांवर गवत आहे, आणि त्या गवताच्या मुळांनी वाळू जागच्या जागी धरून ठेवली आहे. गवत उखडलं, मग ते नांगराने असो की गुरांच्या खुरांनी, की वारा तिथे खड्डा पाडायला लागतो. तो खड्डा पसरत जातो. स्थानिक लोक त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात आणि रँचवाल्याला, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्याला, त्याची धास्ती असते. गेल्या काही हजार वर्षांत मोठे दुष्काळ पडले तेव्हा गवत मेलं आणि या टेकड्या पुन्हा सरकू लागल्या होत्या, असं भूशास्त्रज्ञ सांगतात.

आणि पाणी? पावसाचं पाणी वाळूत झटकन मुरतं आणि खाली ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्याला मिळतं. सखल भागात तेच पाणी वर येऊन तळी होतात, ओली गवताळ कुरणं होतात. नायोब्रेरा नदीला बारमाही झरे मिळतात. तिच्या खोऱ्यात पूर्वेकडची पानगळीची झाडं, पश्चिमेकडचे पाइन आणि हिमयुगापासून तग धरून राहिलेले बर्च एकमेकांशेजारी उभे दिसतात. 1991 साली या नदीच्या 76 मैलांच्या पट्ट्याला राष्ट्रीय निसर्गरम्य नदीचा दर्जा मिळाला.

आता इतिहास. लाकोटा आणि पॉनी हे इथले मूळ रहिवासी बायसनची, म्हणजे तिथल्या रानगव्यांची, शिकार करत. 1880 साली अमेरिकी सैन्याने फोर्ट नायोब्रेरा उभारला, तो उत्तरेकडच्या रोझबड या राखीव वस्तीतल्या लाकोटांवर नजर ठेवायला. 1881 साली या किल्ल्यातला लेफ्टनंट सॅम्युएल चेरी दरोडेखोरांच्या मागावर असताना आपल्याच तुकडीतल्या एका शिपायाच्या गोळीने मेला. दोन वर्षांनी काउंटी स्थापन झाली, तिला त्याचं नाव दिलं गेलं. त्याच वर्षी रेल्वेही पोचली आणि व्हॅलेंटाइन हे मुख्य गाव वसलं. हे नाव प्रेमवीरांच्या संताचं नव्हे, एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाच्या खासदाराचं. तरीही फेब्रुवारीत या गावचा शिक्का मारून घेण्यासाठी पोस्टात प्रेमपत्रांचे गठ्ठे येतात. खासदारसाहेबांचं भाग्य!

गुराखी सुरुवातीला या टेकड्यांत शिरायला घाबरत. जनावर आत गेलं की मेलं, असा समज होता. 1879 च्या मार्चमध्ये मोठं हिमवादळ झालं, गुरं टेकड्यांत पांगली आणि नाइलाजाने माणसं शोधायला आत गेली. पाहतात तर गुरं धष्टपुष्ट! आधीच्या वर्षांत हरवलेलीही सापडली. तिथून रँचचं युग सुरू झालं.

सरकारचा हिशेब मात्र वेगळा होता. 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला 160 एकर जमीन मिळे. शेजारच्या आयोवा राज्याच्या काळ्या मातीत ती पुरते; इथे एका गायीला वर्षभर पोसायलाच दहा-वीस एकर लागतात. म्हणून मोझेस किंकेड या खासदाराने 1904 साली कायदा करून घेतला आणि पश्चिम नेब्रास्कात 640 एकर मिळू लागले. लोक धावले. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या तुकड्यांची घरं बांधली. 1920 साली काउंटीची लोकसंख्या पावणेबारा हजारांवर गेली. तो तिचा उच्चांक. पण 640 एकरांतही चाळीसेक गायींच्या वर मजल जात नव्हती आणि नांगर लावला की वाळू उडू लागे. एकेकाने जमीन शेजारच्या रँचवाल्याला विकली.

या रँचवाल्यांतही साधुसंत नव्हते. स्पेड रँचच्या बार्टलेट रिचर्ड्‌सने सरकारी जमिनीला कुंपण घातलं. 1905 साली शिक्षा झाली ती 300 डॉलर दंड आणि सहा तासांची कैद! राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भडकले. पुढे दुसरा खटला झाला, तो बनावट दावेदार उभे करून जमीन लाटल्याचा. त्यात खरी कैद झाली आणि 1911 साली कैदेत असतानाच तो वारला.

मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं ते डिविटी या वसाहतीचं. 1907 च्या सुमाराला नॉर्थ लूप नदीकाठी कृष्णवर्णीय कुटुंबांनी किंकेड कायद्याखाली जमिनी घेतल्या. त्यांतली काही मंडळी कॅनडातून आली होती, गुलामीतून निसटून तिकडे गेलेल्यांची मुलं-नातवंडं. शाळा, चर्च, पोस्ट, बेसबॉलचा संघ, सगळं त्यांनी उभं केलं. कृष्णवर्णीयांची नेब्रास्कातली ही सर्वांत मोठी ग्रामीण वसाहत होती. गावाचं नाव पुढे ‘ऑडेशस’, म्हणजे धाडसी, असं झालं. 1930 च्या दशकात तीही रिकामी झाली. गोऱ्या शेजाऱ्यांना जे गणित सुटलं नाही, ते त्यांनाही सुटलं नाही.

म्हणून मला वाटतं, इथे माणसं किती राहतील हे वॉशिंग्टनच्या कायद्यांपेक्षा या वाळूने जास्त ठरवलं. मांसासाठी पाळलेल्या गायींच्या संख्येत ही काउंटी अमेरिकेत पहिली आहे. त्या लाखाहून जास्त आहेत. एकेक रँच हजारो एकरांची. काउंटी इतकी रुंद की पूर्वेकडचं घड्याळ पश्चिमेकडच्या घड्याळाच्या एक तास पुढे असतं.

लहान गावांचं मात्र कठीण आहे. कोडी या दीडशे-पावणेदोनशे वस्तीच्या गावात किराणा दुकान उरलं नव्हतं. पावाच्या एका लादीसाठी कितीतरी मैल गाडी हाकायची. शेवटी शाळकरी मुलं आणि गावकरी यांनी पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभारून दुकान बांधलं. ते 2013 साली उघडलं आणि गल्ल्यावर विद्यार्थीच बसू लागले.

पुढची जनगणना 2030 साली आहे. माणसांचा आकडा पाच हजारांच्या खाली गेला तरी मला नवल वाटणार नाही. गायींचा फारसा हलेल असं वाटत नाही.

नमस्कार.